पेन्सिलीने लिहिलेली नावं

"पुसू की गिरवू?"

बाळंतिणीच्या दारात उभं राहून बाई पहिला प्रश्न हा विचारायच्या. बाळ कसं आहे, दूध येतंय का, ताप आहे का, हे सगळं मागाहून. काखेत लांब वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं खोडरबर, अंबाड्यात खोचलेली शिसपेन्सिल. आतून कुणी "मुलगा झाला" म्हणालं की बाई उंबऱ्यावर बसून वहीतलं एक नाव पुसायच्या. "मुलगी" म्हणालं की पिशवीतून निळं पेन काढायच्या, त्याचं टोपण दातांत धरायच्या आणि पेन्सिलीतलं तेच नाव शाईने गिरवायच्या. मग अक्षरांवर फुंकर मारून म्हणायच्या, "झाली पक्की."

त्या वहीत एक नाव माझ्या घरचंही होतं. त्याच्याकडे मी येणारच आहे. टाळायचं असतं तर लिहायलाच बसलो नसतो. पण आधी बाई तुम्हाला नीट दिसल्या पाहिजेत.

मी ग्रामसेवक. सत्तरीचं दशक सरता सरता माझी बदली बोईसरजवळ, तारापूरच्या कारखान्यांना लागून असलेल्या एका गावात झाली. मूळचा मी साताऱ्याकडचा. इथे सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे, कारण ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जन्माचं एक आणि मृत्यूचं एक अशी दोन रजिस्टरं माझ्या ताब्यात होती. शेजारच्या दोन खोल्यांत आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथे बाई नर्स होत्या. त्या केळव्याच्या, सुपारीच्या वाडीत वाढलेल्या. उंच, सडसडीत. चालायला लागल्या की बरोबरच्या माणसाला धाप लागायची. नवरा गेल्यावर पुन्हा लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. पण गावातली निम्मी पोरं आपल्याच हातावर पडली आहेत, हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या.

गावाच्या एका अंगाला कारखाने आणि कामगारांच्या चाळी, दुसऱ्या अंगाला डोंगराकडचे पाडे. मधून एक नाला जायचा. त्याचं पाणी एक दिवस जांभळं असायचं, एक दिवस पिवळं. नवीन आलेला माणूस थांबून बघायचा. महिन्याभराने तोही बघायचा नाही.

आता ती वही. कुणाला सातवा महिना लागला की बाई तिच्या घरी जायच्या आणि म्हणायच्या, "पोरीचं नाव सांग." सासवा खवळायच्या. जन्माआधी नाव ठेवतात का कुठे? बाई शांतपणे पेन्सिलीचं टोक जिभेला लावायच्या. "ठेवतंय कोण? राखून ठेवते. यष्टीत रुमाल टाकतात ना, तसं."

"आणि मुलाचं?"

"पोराचं नाव ठेवायला अख्खी भावकी धावत येते. तिथं माझं काय काम नाय."

एका चाळीत एक नाव एकदाच, हा बाईंचा नियम होता. नळावर "पूजा" म्हणून हाक मारली आणि चार पोरी धावत आल्या, असं त्यांना चालायचं नाही. त्यामुळे चांगल्या नावांसाठी नंबर लागायचे. कुणाला मुलगा झाला की तिचं नाव मोकळं व्हायचं आणि पुढच्या बाईला मिळायचं. एकदा दोघीजणी "प्रियांका"वरून नळावर इतक्या भांडल्या की एकीची घागर नाल्यात गेली. दोघींनाही मुलगे झाले. बाईंनी "प्रियांका" तिसरीला देऊन टाकलं आणि त्या दोघींना पेढे मागायला गेल्या. उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या घरी त्यांची हिंदी सुटायची, "मिटाऊं की पक्का करूं?" आणि ती माणसं काय समजायची देव जाणे, पण हात जोडायची.

महिनाअखेरीला बाई माझ्या टेबलासमोर बसायच्या आणि त्यांची वही माझ्या रजिस्टराशी ताडून बघायच्या. नावांची हवा कशी फिरते ते मी तिथे पाहिलं. मी आलो तेव्हा चाळीत सुनीता, संगीता, अनिता. मग वैशाली, मनीषा, रूपाली आल्या. घरोघरी टीव्ही आले तशा निकिता, काजल, कोमल, ऐश्वर्या. पाड्यावर तेव्हा वारावरून नावं असायची, सोमी, बुधी, शुक्री. तिथेही हवा पोचली. एका बुधवारी जन्मलेल्या पोरीचं नाव तिच्या आईने डिंपल सांगितलं. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "का, भाऊसाहेब? बुधवारी डिंपल नाय होत काय?" असं म्हणून माझ्याकडून त्यांनी ते नाव सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

हा नावांचा नाद कशापायी, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्या वही दोऱ्याने बांधत होत्या.

"माझी धाकटी बहीण बाराव्या दिसाच्या आधीच गेली. नाव नव्हतं ठेवलं. आई मरेपर्यंत तिची याद काढायची, पण काय म्हणून काढणार? 'ती' म्हणायची. नुसतं 'ती'." दोऱ्याला गाठ मारून त्या उठल्या. "नाव असलं म्हणजे आईला हाक तरी मारता येते."

तुम्ही म्हणाल, हे सगळं किती छान. छानच होतं. म्हणून तर बिघडायला लागलं तेव्हा बराच काळ माझ्या लक्षात आलं नाही.

एका महिनाअखेरीला बाईंनी वही उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. निकिता. कारखान्यातल्या एका फोरमनच्या बायकोसाठी राखलेलं. पहिल्या दोन मुली होत्या. बाई गेल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "पडलं, सिस्टर," एवढंच म्हणाली.

"पडतं कधी कधी," मी म्हणालो.

"पडतं," बाई म्हणाल्या. त्यांनी नाव पुसलंही नाही, गिरवलंही नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक. मग दोन. सगळ्यांना आधी एक किंवा दोन मुली. सगळ्या चाळीतल्या, पगारदार घरच्या, शिकलेल्या. पाड्यावर मात्र एकीचंही पडलं नाही. तिथे पोरीच्या पाठीवर पोरी होत होत्या आणि बाई नावांवर फुंकर मारून शाई वाळवत होत्या.

"ती चाळीजवळची जीप दर आठवड्याला कोण भाड्यानं नेतो?" बाईंनी मला विचारलं. चाळीच्या तोंडाशी एक भाड्याची जीप उभी असायची. मी म्हणालो, ज्याला काम असेल तो नेतो. पण मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तास-दीड तासाच्या अंतरावर, तालुक्याबाहेर, एका दवाखान्यात मशीन आलं होतं. पोटावरून फिरवलं की आतलं दिसतं. तिथे भिंतीवर पाटी होती, की असली तपासणी इथे केली जात नाही. लोक त्या पाटीवरूनच दवाखाना ओळखायचे.

बाईंनी काय केलं असेल? त्या कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी नाव विचारायची वेळ अलीकडे आणली. सातव्याचा पाचवा महिना केला. तरी नावं तशीच राहायला लागली, तेव्हा पाचव्याचा तिसरा केला. एखादीला उलट्या सुरू झाल्या न झाल्या की बाई दारात. "नाव सांग. पोरीचं." जणू एकदा नाव वहीत आलं की त्या जीपमधून कुणाला उतरवून घेता येईल. बायका आता त्यांना बघून दार लोटून घ्यायला लागल्या. "अजून सुचलं नाही, सिस्टर. दोन महिन्यांनी सांगते." त्या दोन महिन्यांचा अर्थ बाईंना कळत होता.

एका दुपारी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. पानभर पेन्सिलीची नावं. शाई कुठेच नाही.

"भाऊसाहेब, ह्या कुठं लिवायच्या? जन्मात नाय बसत. मृत्यूत नाय बसत."

"तिसरं रजिस्टर सरकारने दिलेलं नाही, बाई," मी म्हणालो. आणि हसलो. ते हसू मला आजही आठवतं, कारण माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मीच पेंटरकडून रंगवून घेतलं होतं, मुलगा मुलगी एकसमान.

आता माझ्या घराकडे येतो.

माझ्या बायकोचं नाव सुनंदा. आमची पहिली मुलगी स्नेहा, बाईंच्याच वहीतून पक्की झालेली. ती पाच वर्षांची झाली तेव्हा सुनंदाला पुन्हा दिवस गेले. बाईंनी विचारायच्या आतच सुनंदा उपकेंद्रात जाऊन नाव देऊन आली. केतकी. हे नाव बाईंनीच तिच्या डोक्यात घातलेलं. गणपतीच्या दिवसांत केळव्याहून येताना त्या केवड्याचं कणीस आणायच्या आणि अर्धं पान सुनंदाच्या वेणीत खोचायच्या. आमच्या घाटावर केवडा कुठला असायला? सुनंदा दिवसभर मान वळवून वळवून वास घ्यायची. "मुलगी झाली तर केतकी," असं तिने मला एकदा जेवताना सांगितलं. मी ताटाकडे बघत राहिलो.

आई गावाहून आली होती. ह्या गोष्टीत आईवर ढकलणं फार सोपं आहे आणि मी बरीच वर्षं ढकललंही. पण खरं सांगतो, आई एकदाच म्हणाली, की ह्या खेपेला मुलगा व्हावा. म्हातारी माणसं म्हणतात. त्या जीपवाल्याशी बोललो मी. दवाखान्याचा पत्ता त्या फोरमनकडून आणला मी. "नुसतं बघून येऊ, डॉक्टर चांगले आहेत," असं सुनंदाला सांगितलं तेही मीच. पहिल्या फेरीत नुसतं बघूनच आलो. डॉक्टर मला बाहेर बोलावून एवढंच म्हणाले, "मंगळवारी या." सुनंदाने परतीच्या वाटेवर काही विचारलं नाही. तिला कळलं होतं.

मंगळवारी सकाळी जीप आमच्या दाराशी लागली. कारखान्याचा नऊचा भोंगा नुकताच झाला होता. आई स्नेहाला घेऊन मागच्या अंगणात गेली होती. मी पिशवी घेऊन बाहेर आलो तर पायरीसमोर बाई उभ्या. काखेत वही. त्यांना कुणी सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

"कुठं निघालात?"

"सुनंदाला जरा माहेरी सोडतोय."

बाईंनी जीपकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या सुनंदाकडे. "सुनंदा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वही उघडली. ते पान त्यांनी आधीच दुमडून ठेवलेलं होतं. पेन काढलं, टोपण दातांत न धरता मुठीत घट्ट धरलं. "नाव अजून पेन्सिलीत हाय. इतक्या वर्सांत मी जन्माआधी एकबी नाव गिरवलं नाय. तू हो म्हण, आत्ता गिरवते. गिरवलेलं मी कधी पुसत नाय, तुला ठाऊक हाय."

 सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याकडे कुणी तसं पाहिलेलं नाही. त्या एका क्षणात मला नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं जरी केलं असतं तरी ती हो म्हणाली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"बाई," मी म्हणालो, "आम्हाला उशीर होतोय."

बाई बाजूला झाल्या. मी सुनंदाला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. मी पुढे, ती मागे. मी मागे वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. संध्याकाळी बाई आल्या, लोहाच्या गोळ्या घेऊन. नाडी बघितली, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, तापाच्या वेळा विचारल्या. मी दाराआड उभा राहून वाट बघत होतो. तो प्रश्न आला नाही. इतक्या वर्षांत एकाही घरात त्यांनी तो गाळला नव्हता. शेवटी सुनंदाच म्हणाली, "विचारा की, सिस्टर."

"काय विचारू?"

"पुसू नका."

"नाय पुसत," बाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या.

पुढे आम्हाला मुलगा झाला. पेढे वाटले. बाईंनी ते हातात घेतले आणि न खाता पिशवीत टाकले. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच बोलायच्या, कामापुरतं जास्तच नीट. महिनाअखेरीला वही घेऊन बसायच्या, पण आता वही माझ्याकडे फिरवायच्या नाहीत. एकदा एक नवी सून माझ्या कचेरीतच त्यांना गाठायला आली. पहिलटकरीण होती, हौशी. तिला नाव राखून ठेवायचं होतं.

"केतकी मिळंल काय, सिस्टर?"

"ते दिलेलं हाय."

"कुणाला?"

"गावात हाय एक केतकी," बाई म्हणाल्या. "दुसरं सांग."

मी समोर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या पोरीने ऋतुजा सांगितलं. मी कुठलातरी कागद वाचत असल्यासारखं केलं, आणि तो कागद उलटा होता हे मला बऱ्याच वेळाने दिसलं.

बाई निवृत्त झाल्या तोवर चाळीतल्या बायका नावं सांगेनाशाच झाल्या होत्या. पाड्यावरची नावं तेवढी यायची. नव्या नर्सबाई छापील फॉर्म भरायच्या. त्यात नावाचा रकाना होता, पण तो बाळंतपणानंतरचा.

शेवटच्या दिवशी पंचायतीने बाईंना नारळ आणि शाल दिली. भाषण मी केलं. काय बोललो ते विचारू नका. सगळे गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. वहीवर दोरा दोनदा गुंडाळलेला होता. खोडरबर झिजून बोराएवढं झालं होतं.

"तिसरं रजिस्टर नाय म्हणालेलात ना," त्या म्हणाल्या. "हे घ्या. तुमच्याकडं असू दे."

"बाई, मी..."

"माझंच चुकलं, भाऊसाहेब. त्या दिसाला मी विचारत बसले. विचारायला नको होतं." आणि पायऱ्या उतरून गेल्या. केळव्याच्या एसटीला अवकाश होता, तरी त्या नेहमीच्याच वेगाने चालत होत्या.

दोरा सोडायला मला चार दिवस लागले. पेन्सिलीची नावं पुसट झाली होती. निकिता, कोमल, सोनाली, पुन्हा निकिता. मग ते दुमडलेलं पान. त्या पानावर बाकी सगळी नावं पेन्सिलीत आणि मधे एकच नाव निळ्या शाईत. अक्षर थोडं हललेलं, मांडीवर वही ठेवून लिहिलं की हलतं तसं. शेजारी बारीक आकड्यांत तारीख. त्या मंगळवारची.

मी वही घेऊन घरी आलो. सुनंदा ओट्याशी तांदूळ निवडत होती. ते पान उघडून मी तिच्यासमोर धरलं.  मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. इतकी वर्षं ती त्यावर बोलली नव्हती.

तिने ते नाव वाचलं आणि पदराने पानावरची धूळ पुसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "गाडी वळताना मी मागे बघितलं होतं. आपल्या पायरीवर बसून लिहीत होत्या. मग फुंकर मारली."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "मी गाडी थांबवली असती."

सुनंदाने वही मिटली, ताटलीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"तुम्हाला उशीर होत होता," ती म्हणाली.